सिनेमा वस्तीत कसा आला आणि आता कुठे चाललाय?

सिनेमाचा इतिहास आपल्याकडे नट-नट्यांचा आणि गल्ल्याच्या आकड्यांचा लिहिला जातो. तिकीट कितीला होतं, आत कोण बसलं आणि दाराबाहेर कोण राहिलं, हे लिहायची गरज प्रस्थापितांना फारशी वाटली नाही. आज एकपडदा थिएटरं बंद पडताहेत, कॅसेट-सीडी भाड्याने देणारी दुकानं केव्हाच गेली आणि सगळा सिनेमा मोबाईलमध्ये शिरलाय. यावर हळहळणारे लेख भरपूर येतात, पण ती हळहळ बहुतेकदा बाल्कनीतल्या प्रेक्षकाची असते. आपण हा इतिहास जमिनीवर बसलेल्या प्रेक्षकाच्या बाजूने वाचला पाहिजे. माझं म्हणणं असं की, बघण्याची साधनं जेव्हा जेव्हा बदलली तेव्हा धंदेवाल्यांनी आपला गल्ला सांभाळला आणि आपल्या समाजाने स्वतःची वेगळी सोय उभी केली. ती सवय आता सुटत चालली आहे, आणि त्यात आपलं मोठं नुकसान आहे.

सुरुवातीपासून बघू. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या फिती पहिल्यांदा दाखवल्या गेल्या. तिकीट होतं 1 रुपया. हॉटेलही साहेबांचं आणि खेळही साहेबांसाठीच. पण काही दिवसांतच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे 4 आण्यांपासूनचे दर ठेवले गेले. हे काही समतेच्या प्रेमापोटी झालं नाही. धंद्याला गर्दी हवी होती, आणि गर्दी करायची तर कष्टकऱ्याला आत घेणं भाग होतं.

या गोष्टीचं मोल समजायचं असेल तर तो काळ आठवा. 1927 साली महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. 1930 साली काळाराम मंदिराच्या दारात उभं राहावं लागलं. त्याच काळात शहरातल्या सिनेमाच्या खिडकीवर मात्र पैसे मोजले की तिकीट मिळत होतं. कार्तिगेसु शिवतंबी या श्रीलंकेतल्या तमिळ अभ्यासकाने तमिळ समाजाबद्दल हेच नोंदवून ठेवलंय : सगळ्या जातींची माणसं एका छपराखाली आली ती पहिल्यांदा सिनेमागृहात, आणि कोण कुठे बसणार हे तिथे प्रतिष्ठेने नव्हे, तर पैशाने ठरत होतं. पण म्हणून बाजाराने जात मोडली असं समजू नका. पुढची जमीन कोणाची आणि बाल्कनी कोणाची, हे खिसा ठरवत होता. आणि कोणाचा खिसा पिढ्यान्‌पिढ्या रिकामा राहिला, हे जात ठरवत होती.

गावात सिनेमा तंबूतून आला. जत्रेत ट्रक यायचा, तंबू लागायचा, लोक मातीवर बसून सिनेमा बघायचे. चित्रपटाच्या प्रती महाग आणि मोजक्या असायच्या. त्या आधी मोठ्या शहरात फिरायच्या, मग तालुक्याला आणि झिजून-तुटून झाल्यावर तंबूत यायच्या. शहराने वापरून झालेलं गावाने घ्यायचं आणि गावाने टाकलेलं गावकुसाबाहेर जायचं, अशी ही उतरंड होती. पण मनोरंजन आणि प्रबोधन एकत्र करून लोकांच्या दारापर्यंत नेण्याची स्वतःची वाट आपल्याकडे होती. भीमराव कर्डकांपासूनचे आंबेडकरी जलसे हीच ती वाट. जलशाला ना थिएटर लागत होतं ना वितरक. वस्तीतली मोकळी जागा, एक डफ आणि ऐकणारा समाज एवढं पुरे होतं.

1982 हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवायला हवं. 18 जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. गिरणगावातल्या थिएटरांचा कणा असलेला प्रेक्षक मोडला तो इथे. त्याच वर्षी दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आलं आणि त्याच सुमारास व्हीसीआर देशभर पसरू लागला. गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या आणि व्हिडिओ पार्लरं निघाली. थिएटरवाले आणि निर्माते चोरीच्या कॅसेटविरुद्ध ओरड करू लागले, आणि 1984 साली कॉपीराइट कायद्यात त्यासाठी दुरुस्तीही झाली.

या दुकानांचा आपल्या वस्त्यांनी वेगळाच उपयोग केला. मध्यमवर्ग कॅसेट घरी नेऊन दार लावून बघत होता. वस्तीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा. भीमजयंती असो की हळद, टीव्ही चौकात टेबलावर ठेवायचा आणि उजाडेपर्यंत तीन-तीन सिनेमे चालायचे. म्हणजे एका घरासाठी बनवलेलं यंत्र आपल्या लोकांनी शंभर माणसांसाठी वापरलं.

याचा पुढचा टप्पा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटी आल्या, मग सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. कोणत्याही वितरक कंपनीला जमणार नाही इतके गिऱ्हाईक या मैदानांवर दरवर्षी येतात, आणि तेही जाहिरातीशिवाय.

उलट मुख्य प्रवाहाचं वितरण आपल्याशी कसं वागलं? जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा सरकारी पैशातून तयार झालेला चित्रपट. मामुट्टी यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही त्याची तमिळ आवृत्ती थिएटरात लागायला डिसेंबर 2010 उजाडला, आणि त्यासाठी मद्रास उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. पैसा सरकारचा, विषय संविधानाच्या शिल्पकाराचा, तरी पडदा मिळेना! आता दुसरं उदाहरण बघा. रमाबाई नगरच्या 1997 च्या गोळीबारापासून सुरू होणारा आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट 9 जानेवारी 2012 रोजी भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर, लोकांमध्ये दाखवला गेला. नंतरही तो वस्त्यावस्त्यांत पोहोचला तो कार्यकर्त्यांनी लावलेल्या पडद्यांवर आणि डीव्हीडीवर. पहिल्या चित्रपटाने थिएटरची वाट पाहिली, दुसरा थेट चाळीत गेला.

दरम्यान थिएटरांनी काळाशी कसं जमवून घेतलं? 1997 पासून देशात मल्टिप्लेक्स आले. ते उभे राहावेत म्हणून महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी करमणूक करात सूट दिली. म्हणजे स्वस्त तिकिटाचं एकपडदा थिएटर कर भरत राहिलं आणि महाग तिकिटाच्या मल्टिप्लेक्सला सवलत मिळाली. मुंबईचं इरॉस थिएटर बघा. 1938 सालच्या या थिएटरात हजाराहून जास्त प्रेक्षक बसत. 2024 साली ते आयमॅक्स होऊन पुन्हा उघडलं तेव्हा खुर्च्या उरल्या सुमारे 300. याला म्हणतात काळाशी जुळवून घेणं : प्रेक्षक कमी करा, तिकीट वाढवा. मराठा मंदिरने मात्र उलट वाट धरली. स्वस्त तिकिटावर एकच जुना सिनेमा वर्षानुवर्षं चालवून त्याने मुंबई सेंट्रलच्या कष्टकरी आणि प्रवासी प्रेक्षकाला धरून ठेवलं.

आणि ‘गरीब प्रेक्षक आता थिएटरात येत नाही’ असं सांगणाऱ्यांना ‘सैराट’ने 2016 साली उत्तर दिलं. रहिमतपूरसारख्या गावात मध्यरात्री आणि पहाटे खेळ लावावे लागले. प्रेक्षक संपलेला नव्हता. त्याच्या जगण्याचा सिनेमा त्याच्या गावात लागत नव्हता, एवढंच.

आता मोबाईल आला. काहीजण म्हणतात, आता तर प्रत्येकाच्या हातात पडदा आहे, मग तक्रार कसली? 2021 साली सूर्याचा ‘जय भीम’ थेट ओटीटीवर आला आणि देशभर पोहोचला, हे खरंच आहे. हे साधन नाकारण्यात शहाणपण नाही. पण दोन गोष्टी हातातून जाताहेत. एक, मिळून बघणं. चौकातला सिनेमा संपला की चर्चा व्हायची, भांडणं व्हायची, त्यातून कार्यकर्ते घडायचे. मोबाईलवर सिनेमा संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. दुसरी गोष्ट मालकीची. कॅसेट तुमच्या कपाटात होती. ओटीटीवरचा सिनेमा कंपनीने काढला की गेला, यूट्यूबचा चॅनेल बंद झाला की त्यावरची सगळी गाणी आणि भाषणं गेली.

आणि त्या कपाटातल्या कॅसेटींचं काय? नामांतराच्या काळातल्या सभा, जयंतीच्या मिरवणुका, शाहिरांचे कार्यक्रम, जुन्या पिढीची भाषणं त्या चुंबकीय फितीवर आहेत. ही फीत साधारण 20 ते 30 वर्षं नीट टिकते. दमट हवेत ती चिकट होते, तिच्यावर बुरशी चढते. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवलं, त्यानंतर नवं यंत्र मिळेनासं झालं. म्हणजे फीतही मरतेय आणि ती वाचणारं यंत्रही. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही ही तक्रार आपण करतो. पण जो आपल्याच माणसांनी चित्रित करून ठेवलाय तो आपल्याच माळ्यावर सडतोय.

अमेरिकेतल्या सिएटलमध्ये स्केअरक्रो व्हिडिओ नावाचं कॅसेट भाड्याने देणारं दुकान आहे. धंदा बसू लागला तेव्हा, 2014 साली, ते ना-नफा संस्था झालं आणि लाखाहून जास्त चित्रपटांचा संग्रह लोकांच्या आधाराने जगवू लागलं. दुकान लोकांनी ठरवून जपलं तर त्याचं संग्रहालय होऊ शकतं, एवढं आपण त्यातून घ्यायचं.

आपल्याकडे त्यासाठी नवी इमारतही लागत नाही. गावोगावी बुद्धविहार आहेत. महिन्यातून एक रविवार ठरवा. एक प्रोजेक्टर वर्गणीतून घ्या. निर्मात्याची परवानगी घेऊन सिनेमा लावा आणि नंतर अर्धा तास बोला, आधी बायांना आणि पोरींना बोलू द्या. त्याच रविवारी प्रत्येक घरातून जुन्या कॅसेटी मागवा. बुरशी चढलेली कॅसेट यंत्रात घालू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. डिजिटल प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यात कोण बोलतंय, कुठली सभा, कोणतं साल, हे घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या.

थिएटर त्यांचं होतं, मल्टिप्लेक्स त्यांचं आहे, ओटीटीही त्यांचंच आहे. विहार आपलं आहे आणि त्याची भिंत पांढरी आहे. येत्या जयंतीआधी तिच्यावर पहिला सिनेमा लागायला काहीच हरकत नाही.

जय भीम!