छावणी, सुतारपक्षी आणि कुंपणाबाहेरची जमीन

लष्करी छावणी आणि दुर्मीळ पक्षी यांचे एकमेकांशी पटणार नाही, असे आपण सहज गृहीत धरतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९९० साली सर्वांना तसेच वाटत होते. त्या भांडणातूनच पुढे सार्वजनिक पैशाने मोकळी जमीन राखण्याची एक नवी रीत जन्माला आली.

प्रथम तेथील जंगलाविषयी. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर लाँगलीफ पाइन हे लांब सुयांचे झाड पसरले होते. लाकडी जहाजांना लागणारे डांबर, मग टर्पेंटाइन, इमारती लाकूड आणि शेती यांपायी ते तुटत गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम ३ टक्के जंगल उरले.

या जंगलाला आग हवी असते. पाइनचे रोप काही वर्षे गवताच्या झुपक्यासारखे दिसते. त्याचा कोवळा शेंडा सुयांच्या दाट वेढ्यात सुरक्षित असतो. जमिनीलगत धावणारी आग झुडपे आणि ओकची रोपे जाळते, पाइन मात्र तगून राहतो. आग बंद झाली की ओक माजतात आणि जंगलाचे रूपच बदलते.

रेड-कॉकेडेड वुडपेकर हा सुतारपक्षी अशाच मोकळ्या जंगलात राहतो. इतर सुतारपक्षी बहुधा वाळक्या खोडात घर करतात. हा मात्र जिवंत, जुन्या पाइनमध्ये ढोली कोरतो. त्याला कित्येकदा काही वर्षे लागतात. ढोलीभोवती टोचून तो राळ वाहती ठेवतो. त्या चिकट राळेमुळे झाडावर चढणारे साप दूर राहतात. जुनी झाडे गेली की त्याचे घरच जाते. १९७० साली त्याचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेले.

आता छावणीकडे येऊ. १९१८ साली तोफखान्याच्या सरावासाठी कॅम्प ब्रॅग उभारला गेला. तोच पुढे फोर्ट ब्रॅग झाला (२०२३ ते २०२५ या काळात त्याचे नाव फोर्ट लिबर्टी होते). त्याच्या सुमारे १ लाख ६० हजार एकरांत तोफगोळ्यांनी वारंवार आगी लागत. कोणाच्याही मनात नसताना जंगल मोकळे राहिले आणि पक्षीही टिकला. कुंपणाबाहेर मात्र शेते, घरे आणि गोल्फची मैदाने वाढत गेली.

१९९० साली केंद्राच्या वन्यजीव विभागाने ठरवले, की लष्करी सरावामुळे या पक्ष्याचे अस्तित्व धोक्यात येते. ढोल्यांच्या झाडांना पांढरे पट्टे मारून त्यांच्याभोवती सरावावर बंधने आली. सैनिक चिडले. बाहेरचे जमीनमालकही धास्तावले. पक्षी आला तर आपल्याच जमिनीवर बंधने येतील, मग जुनी झाडे ठेवायची कशाला, असा त्यांचा हिशेब होता.

तोडगा १९९५ साली दोन बाजूंनी आला. एक म्हणजे ‘सेफ हार्बर’ करार: मालकाने अधिवास सुधारला आणि त्यामुळे पक्षी वाढले, तर त्या वाढीबद्दल नवी बंधने नाहीत. दुसरे म्हणजे लष्कर आणि ‘द नेचर कन्झर्व्हन्सी’ ही संस्था यांच्यातील करार. लष्कराने पैसा द्यायचा आणि संस्थेने कुंपणाबाहेरची जमीन राजीखुशीने विकणाऱ्यांकडून घ्यायची. मालकाला जमीन विकायची नसेल, तर केवळ तीवर वसाहत उभारण्याचा हक्क विकत घ्यायचा. मालकी आणि शेती त्याचीच राहते. लष्कराचाही यात स्वार्थ होता. सीमेला घरे भिडली की आवाजाच्या तक्रारी येतात आणि दिव्यांच्या उजेडात रात्रीचा सराव बिघडतो. डिसेंबर २००२ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने ही सोय सर्व सेनादलांना मिळाली.

सामान्य माणसाला यातून काय मिळाले? छावणीशेजारी २००५ साली स्थापन झालेले कार्व्हर्स क्रीक राज्य उद्यान २०१३ पासून फिरायला खुले झाले. अशा कामांसाठी अनुदानाची जुनी वाटही आहे. १९६४ च्या कायद्याने केंद्राचा भू-जल संवर्धन निधी निर्माण झाला. समुद्रातील तेल-वायूच्या महसुलातून त्यात पैसा येतो आणि २०२० च्या कायद्याने वर्षाला ९० कोटी डॉलर निश्चित झाले. मैदाने व उद्याने यांसाठी राज्ये आणि गावे यांना त्यातून निम्म्यापर्यंत खर्च मिळतो. अट एकच, पण कडक: ती जागा कायम लोकांच्या मोकळ्या वावरासाठीच राहिली पाहिजे. दुसरीकडे वापरली, तर तितक्याच मोलाची आणि उपयोगाची जागा द्यावी लागते.

२००६ साली फोर्ट ब्रॅग परिसरात पक्ष्यांचे ३५० प्रजननक्षम गट हे उद्दिष्ट अपेक्षेपेक्षा ५ वर्षे आधी गाठले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा पक्षी ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘धोक्यात’ या सौम्य वर्गात आला.

तरीही प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. हा पैसा छावणी असेल तिथेच येतो. छावणीपासून दूर असलेल्या जंगलाला असा श्रीमंत शेजारी मिळत नाही. शिवाय आता आगी जाणीवपूर्वक, ऋतू पाहून लावाव्या लागतात आणि ते काम दरवर्षीचे आहे. जमीन विकत घेणे एकदाच होते, ती सांभाळणे मात्र कधीच संपत नाही. संवर्धन म्हणजे कुंपण घालून निसर्गाला एकटे सोडणे, असा समज मुलांच्या मनात असतो. तो तपासून पाहायला हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.