गोठ्यात पडलेली जुनी जीप भंगारात देताय? आधी तिचा नंबर वाचा

गोठ्यामागच्या पडवीत, कडब्याच्या गंजीआड नाहीतर बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये जुनी जीप उभी आहे, अशी घरं आपल्याकडं अजून बरीच आहेत. कुणाच्या आजोबांनी मिलिटरीच्या लिलावातून आणलेली, कुणाची वीस वर्षं वडापला फिरलेली. शेड पाडायचं ठरतं किंवा भावाभावांत वाटण्या होतात, तेव्हा तिची आठवण होते. नेमका त्याच आठवड्यात भंगारवाला दारात येतो आणि किलोवर भाव सांगतो.

आमच्या चुलत्यांची जीप अशीच गेली. तिचा चेसिस नंबरसुद्धा कुणी उतरवून घेतला नाही. चार महिन्यांनी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तिचं आर.सी. बुक सापडलं. तोवर गाडीचे तुकडे झाले होते, आणि गाडी अजून चुलत्यांच्याच नावावर आहे. म्हणून हे लिहितोय. विकायची का ठेवायची हे तुम्ही ठरवा, पण काय विकतोय ते आधी कळू द्या.

नक्की कुठली जीप आहे?

गावात सगळ्याच जीपला 'महिंद्रा' म्हणतात. पण महिंद्राच्या जीपा आधी अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या सुट्या भागांतून जोडल्या जायच्या. पेट्यांतून भाग यायचे आणि १९४९ च्या सुमारास मुंबईत माझगावला त्यांची जुळणी सुरू झाली. हळूहळू भाग इथंच बनू लागले. त्यामुळं एकाच गाडीत काही भाग विलीजचे, काही महिंद्राचे असं दिसलं तर ती बनावट आहे असं लगेच समजू नका.

सगळ्यात आधी समोरची जाळी बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, हेडलाइट लहान आणि जाळीच्या आत दबलेले, स्टेपनी मागच्या बाजूला. युद्धानंतरच्या विलीजला सात फटी, हेडलाइट मोठे, मागं उघडणारं फळकं आणि स्टेपनी बाजूला. समोरची काच दोन तुकड्यांची असेल तर गाडी आणखी जुनी असण्याची शक्यता जास्त. १९४९ पासूनच्या मॉडेलला काच एकसलग आली.

युद्धकाळातली जीप फोर्ड कंपनीनंही बनवली. तिच्या कित्येक बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी 'एफ' अक्षर असतं. रेडिएटरखालचा चेसिसचा आडवा भागही बघा. विलीजचा गोल पाइपसारखा असतो, फोर्डचा उलट्या पन्हाळीसारखा.

आपल्या भागात सर्वात जास्त सापडते ती उंच बॉनेटची सीजे-३बी. बॉनेट उंच का? तर आतलं इंजिन उंच आहे. आधीच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह बाजूला होते आणि स्पार्क प्लग डोक्यावर उभे. नंतरच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आले, कार्ब्युरेटरही हेडवर चढला. दोन्ही इंजिनं सुमारे २२०० सीसीचीच, पण नंतरच्याची ताकद जास्त. अमेरिकेत ही सीजे-३बी १९६८ ला थांबली, आपल्याकडं मात्र तिचीच पुढची रूपं कित्येक वर्षं निघत राहिली.

गाडी जीपपेक्षा अंगानं मोठी असेल आणि इंजिन सहा सिलिंडरचं पेट्रोल असेल, तर ती जोंगा असू शकते. मूळ आराखडा जपानच्या निसानचा, बनली जबलपूरला, सैन्यासाठी. ती लिलावातूनच बाहेर आलेली असते, त्यामुळं लिलावाचा कागद शोधा.

नंबर ग्राइंडरनं घासू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं. चेसिसवर ठोकलेला नंबर गंजाखाली असतो. घाईत ग्राइंडर किंवा छिन्नी मारली आणि एक आकडा जरी गेला, तरी कागद असून गाडी अडकते. नंबर पुसला किंवा खाडाखोड केली असा संशय एकदा आला की तो निस्तरणं फार अवघड.

रॉकेल किंवा डिझेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी पितळी तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं घासा. कोरडं झालं की वरून खडू फिरवा आणि मोबाइलची बॅटरी बाजूनं, तिरकी धरून फोटो काढा. समोरून उजेड मारला तर आकडे दिसत नाहीत, तिरक्या उजेडात उठून येतात. नंबर सहसा चेसिसच्या पुढच्या भागात, पुढच्या चाकाच्या आसपास असतो. दोन्ही बाजूंना आतून-बाहेरून शोधा. युद्धकाळातल्या विलीजला पुढच्या बंपरमागं, डाव्या पट्टीच्या आतल्या अंगाला पत्र्याची पाटी असायची, फोर्डला नंबर डाव्या पट्टीवर वरूनच ठोकलेला. इंजिन नंबर या जुन्या पेट्रोल इंजिनांत पुढं उजव्या अंगाला, पाण्याच्या पंपाच्या आसपासच्या उंचवट्यावर मिळतो.

आता हे दोन्ही नंबर आर.सी. बुकाशी ताडून बघा. चेसिस नंबर जुळला आणि इंजिन नंबर नाही, असं पुष्कळदा निघेल. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं, कुणी मॅटाडोरचं, कुणी ट्रॅक्टरचं. त्यात वावगं काही नव्हतं, पण हा बदल आर.सी.वर चढवायला हवा होता आणि बऱ्याच जणांनी तो चढवलाच नाही. मूळ इंजिन कोपऱ्यात पडलेलं असेल तर ते अजिबात विकू नका. का ते खाली सांगतो.

गोठा गाडीला काय करतो

लोक म्हणतात, सावलीत होती, चांगली असेल. गोठ्याची सावली फसवी असते. गोमूत्र आणि शेणाचा ओलावा खालून पत्रा खातो. खताची पोती गाडीत रचली असतील तर आणखी वाईट, कारण खत हवेतलं पाणी ओढतं. हातोडीनं चेसिसवर जागोजागी टकटक करा. टणटण वाजलं तर धातू शाबूत, भद्द वाजलं किंवा पापुद्रा पडला तर आतून सडलंय. मागच्या पाट्यांचे हँगर आणि फ्लोअरखालच्या आडव्या पट्ट्या खास बघा. फ्लोअर, मडगार्ड नवीन करता येतात, त्याची काळजी नको. चेसिस सडली असेल तर मात्र खर्चाचा विचार दहा वेळा करा.

टायरची एक गंमत आहे. या जीपचा टायर ६.००-१६ चा, आणि बऱ्याच ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायरही त्याच मापाचा. त्यामुळं जीपचे टायर ट्रॅक्टरला गेलेले असतात आणि जीपला ट्रॅक्टरचे गुळगुळीत झालेले लावलेले. शेडमधून काढायला ते चालतील, रस्त्यावर चालवायला नाहीत.

बाहेर काढताना

आधी लांब काठीनं सगळीकडं हलवून बघा. सीटखाली, बॉनेटमध्ये घोणस, नाग बसलेला असू शकतो. गांधीलमाशांचं पोळंही असतं. बॉनेट उघडून लगेच हात घालायचा नाही.

दोर बंपरला बांधून ट्रॅक्टरनं ओढू नका, बंपर उपटून येईल. दोर चेसिसला बांधा. गिअर न्यूट्रलला घ्या, शेजारचा ट्रान्सफर केसचा दांडाही न्यूट्रलला. चाकं जाम असतील तर ड्रमवर हलकं ठोकून, हँडब्रेकची केबल सोडवून मोकळी करा. आणि लक्षात ठेवा, ब्रेक नाहीच असं धरूनच चालायचं; उतार असेल तर मागं दगड घेऊन माणूस उभा हवा.

बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह सगळ्यांना होतो. तसं केलं तर जाम पिस्टन, रिंगा तुटायची भीती. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडा, पाच-सहा दिवस तसंच ठेवा. मग हँडलनं हळूहळू फिरवून बघा. फिरत नसेल तर जोर न लावता पुन्हा तेल सोडा. फिरलं तर जुनं ऑइल बदला. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, त्यामुळं टाकी खाली उतरवूनच धुवा. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणारच. जुन्यावर जोड देत बसण्यापेक्षा नवीन ओढा. जुन्या जीपा ६ व्होल्टच्या असायच्या, १२ ची बॅटरी लावण्याआधी एवढं तपासा.

रंगाचं काम सगळ्यात शेवटी. तेच आधी करणारे बरेच बघितलेत.

कागद

आर.सी. आजोबांच्या नावावर आणि आजोबा नाहीत, ही नेहमीची अडचण. वारसाच्या नावावर गाडी करायला आरटीओत नमुना ३१ चा अर्ज असतो. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकी वारसांची लेखी संमती लागेल. मुदत कधीच उलटलेली असते, त्यामुळं दंड धरा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते. थकलेला कर आणि पर्यावरण कर किती, ते आधीच विचारून घ्या.

१९८९ च्या आधीचा, 'एमएच' मालिकेआधीचा नंबर मोबाइलवर शोधून मिळेलच असं नाही. जुन्या नोंदी हातानं लिहिलेल्या रजिस्टरात असतात. गाडी पहिल्यांदा जिथं नोंदली त्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुढच्या पाच वर्षांसाठी ५,००० रुपये. पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललेलं चालत नाही, म्हणून कोपऱ्यातलं मूळ इंजिन ठेवा म्हणलं. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामाला रस्त्यावर आणता येते. त्यातून बाजारला भाजी न्यायची नाही.

कागद नाहीत, चेसिस सडली, वारस तयार नाहीत, अशी गाडी मोडीतच जाईल. तरी मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात द्या आणि ठेव प्रमाणपत्र घ्या. त्यावर नवीन गाडी घेताना करात सवलत मिळू शकते. गाडी मोडली की मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. गावातल्या भंगारवाल्याला दिली तर निदान नंबरांचे फोटो, त्याच्या आधार कार्डाची प्रत आणि सहीची पावती घेतल्याशिवाय गाडी दारातून हलवू देऊ नका.