एका शुक्रवारचा अंक

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत आजीची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढली. तळाशी पिवळे पडलेले वर्तमानपत्र अंथरलेले होते. मुंबईचे मराठी दैनिक, शुक्रवार, दिनांक १७ सप्टेंबर १९४८!

हा अंक मी शाळेत नेला. मुलांनी पहिले पान चाळले आणि एकाने विचारले, "गुरुजी, निजाम शरण आल्याची बातमी कुठे आहे?"

ती नव्हतीच. असणार कशी? १३ तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १४ ला आमचे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) त्यांच्या ताब्यात आले. पण निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली ती १७ च्या संध्याकाळी. अंक सकाळचा. संध्याकाळी काय घडणार, हे त्या संपादकाला ठाऊक नव्हते. आपल्या पाठ्यपुस्तकाला मात्र ते आधीपासूनच ठाऊक असते!

आत पाहावे तर संसार सुखेनैव चाललेला. गणेशोत्सवाचे कार्यक्रम, सिनेमांच्या जाहिराती, खोकल्याचे औषध, कुणाची हरवलेली छत्री. आमच्याकडे तेव्हा हाली शिक्का चाले, सात हाली म्हणजे सहा कलदार, आणि सरकारी दप्तरात साल लिहीत फसली १३५७. वर्तमानपत्र वाचणेही सोपे नव्हते. आ. कृ. वाघमाऱ्यांच्या 'मराठवाडा'वर निजामाची बंदी आली, की ते नाव बदलून निघे. असो.

मग हा मुंबईचा अंक आमच्या पेटीत आला कसा? आजोबा तेव्हा रझाकारांच्या भीतीने घरदार सोडून सरहद्दीपलीकडे नगरला राहिले होते. येताना त्यांनीच तो आणला असावा.

तिसऱ्या पानावर एका जाहिरातीभोवती पेन्सिलीची रेघ आहे. लढाईच्या बातमीला नाही, या जाहिरातीला. मुंबईकडच्या एका शाळेला मराठीचा शिक्षक हवा होता. अर्ज आठ दिवसांत मागवले होते. आजोबाही मास्तरच. म्हणजे त्या सकाळी परत न येण्याचा त्यांचा विचार चालला होता तर!

आजीने ही गोष्ट कधीच काढली नाही. तिला ती ठाऊक होती की नव्हती, हे आता कोणाला विचारणार? अर्ज मात्र गेला नसावा. दसऱ्याला आजोबा घरी होते, एवढे ती नेहमी सांगे. आणि त्याच अंकावर तिने आपली लुगडी रचून ठेवली.