चेंडू दिला, कप्तानी नाही

आपल्या चळवळीत पालवणकर बाळू हे नाव निघते ते १९३७ च्या निवडणुकीपुरते. मुंबईत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. एवढे सांगून आपण पान उलटतो. पण या माणसाच्या मैदानावरील आयुष्यात आपल्या राजकारणाचा एक मूलभूत प्रश्न दडला आहे. तो पाहिलाच पाहिजे.

बाळू १८७६ साली धारवाडला चांभार कुटुंबात जन्मले. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात ते साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकत. डावखुरी फिरकी तिथे घडली. बॅट मात्र हाती फारशी मिळत नसे. फलंदाजी साहेबाची, घाम नोकराचा.

गोऱ्यांना हरवायचे म्हटल्यावर पुण्याच्या हिंदू संघाला या चांभाराची गरज भासली. मैदानावर सवर्णांनी त्याच चेंडूला हात लावला. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनबाहेर, हातात मातीचे भांडे. जेवणाचे टेबलही वेगळे. विटाळ माणसाचा होता, बळींचा नव्हता!

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम संघात होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. कर्तृत्वाचा आणखी कोणता पुरावा हवा होता? तरीही वर्षामागून वर्षे गेली, कप्तानी आली नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे बंधू निषेध म्हणून बाहेर पडले. लोकमताचा रेटा वाढला आणि बाळू उपकप्तान म्हणून परतले. अखेर १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्यांनी स्पर्धा जिंकून दाखवली. उपकप्तानी मिळाली ती बहिष्कारानंतर, सद्‌भावनेतून नव्हे.

हे दुखणे एकट्या आपल्या देशाचे नाही. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये १९३४ ते १९४५ या काळात एकही काळा खेळाडू नव्हता. १९४६ पासून दार किलकिले झाले. पण प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणाऱ्या बचावफळीत काळा चालू लागला, तरी डाव आखणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागेवर पुढे अनेक वर्षे गोराच हवा असे. शरीर चालते, बुद्धीचा हुकूम चालत नाही. त्याच बचावफळीतला अ‍ॅलन पेज १९७१ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १९९३ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. कमतरता बुद्धीची नव्हती, हे त्याने सिद्ध केले.

आता १९३२ कडे वळू. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर त्यांचीही सही आहे. स्वतंत्र मतदारसंघाची बाबासाहेबांची मागणी नेमकी काय होती? आमचा प्रतिनिधी आम्ही निवडू. संयुक्त मतदारसंघात तो बहुसंख्य सवर्णांच्या पसंतीचा ठरतो. म्हणजे संघात घ्यायचे, घाम गाळून घ्यायचा आणि कप्तान कोण हे ठरवणार जिमखान्याची कमिटी. हा अनुभव बाळूंइतका कोणाला होता? तरी त्यांनी कमिटीवर विश्वास ठेवला. वाट्याला आलेले हारतुरे त्यांना हृदयपरिवर्तनाची खूण वाटले असावेत. बाबासाहेबांनी त्याच समाजाकडे पाहून वेगळा निष्कर्ष काढला. इतिहासाने कौल कोणाला दिला, हे सांगायला नको.

म्हणून बाळूंना गद्दार म्हणून सोडून देणे सोपे आहे आणि निव्वळ क्रिकेटवीर म्हणून मिरवणेही सोपे आहे. दोन्हींत आपण त्यांचा धडा गमावतो. ते १९५५ साली गेले. आज आमची मुले महाविद्यालयात, कचेरीत, पक्षात 'संघात' आली आहेत. टाळ्याही मिळतात. प्रश्न तोच उरतो: कप्तान कोण निवडतो?