ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटार आणि भारतीय मिस्त्री : जतनाचा इतिहास

प्रस्तावना :
भारतातील मोटारीचा इतिहास बहुधा कारखानदारांचा किंवा संस्थानिकांच्या मोटारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मोटार खरेदी झाल्यानंतर ती पुढे पन्नास-साठ वर्षे चालू कोणी ठेवली, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी गाडी म्हणून ओळखली गेलेली अँबॅसॅडर आणि इंग्लंडमधील एम.जी. ही स्पोर्ट्‌स मोटार यांचा परस्परांशी काही संबंध असावा, असे सकृद्दर्शनी वाटत नाही. प्रत्यक्षात तो संबंध इंजिनाचा आहे. प्रस्तुत निबंधात या संबंधाच्या आधारे जुन्या ब्रिटिश मोटारींच्या जतनाचा विचार केला आहे.

आयातीवरील निर्बंध :
एम.जी. हे नाव ऑक्सफर्ड येथील 'मॉरिस गॅरेजेस' या पेढीवरून पडले. १९४५ ते १९४९ या काळात या कंपनीने 'टी.सी.' या दोन आसनी मोटारीची सुमारे १०,००० नगांची निर्मिती केली. तिचे स्टिअरिंग केवळ उजव्या बाजूस असे. त्यामुळे भारतीय रस्त्यांना ती सोयीची होती. तथापि स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई व देशी उद्योगाला संरक्षण देण्याचे धोरण यांमुळे परिस्थिती बदलली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, देशात प्रत्यक्ष निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना येथे वाव उरला नाही. १९२८ पासून मुंबईत मोटारींची जुळणी करणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये बंद झाली. परदेशी मोटारीच्या मालकास नवी गाडी मिळणे दुरापास्त झाले, तसेच जुन्या गाडीचे सुटे भाग मिळणेही. दुरुस्ती हा छंद राहिला नाही, ती गरज झाली.

दुरुस्तीचे स्वरूप :
टी.सी.च्या बॉडीचा सांगाडा ॲश जातीच्या लाकडाचा असून त्यावर पत्रा ठोकलेला असे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पत्रा गंजतो आणि सांध्यांत पाणी मुरून लाकूड कुजते. अशा वेळी मोटार मिस्त्रीइतकीच सुताराचीही आवश्यकता भासते. तिच्या १२५० घन सेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनातील बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे, तर डोकी व्हिटवर्थ मापाच्या पान्यात बसणारी आहेत. हे ठाऊक नसलेला कारागीर आटे सहज खराब करू शकतो. दोन एस.यू. कार्बोरेटरांतून सारखी हवा जाईल अशी जुळवणी करणे हेही सरावाचे काम होय. हे ज्ञान बव्हंशी उस्तादाच्या हाताखाली काम करूनच मिळत आले.

देशी मोटारींशी नाते :
हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसॅडर मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारित होती. १९५९ पासून तिच्यात 'बी-सीरिज'चे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आले. १९५५ च्या 'एम.जी.ए.' या स्पोर्ट्‌स मोटारीत याच घराण्यातील, तेवढ्याच क्षमतेचे इंजिन होते. दुसरे उदाहरण मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीचे आहे. तिने १९६१ मध्ये ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्ड भारतात 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून आणली. त्याच हेराल्डची चासी आखूड करून इंग्लंडमध्ये १९६२ ची 'स्पिटफायर' तयार झाली. अशा प्रकारे एक गाडी सरकारी कामाची, दुसरी मध्यमवर्गीय कुटुंबाची. परंतु त्यांची यंत्ररचना स्पोर्ट्‌स मोटारींच्या गोत्यातील होती. या देशी गाड्यांवर घडलेला मिस्त्रीचा हात ब्रिटिश गाडीलाही उपयोगी पडणारा होता.

कायद्याची व्याख्या :
जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्ही.ए.' ही स्वतंत्र नोंदणी मालिका निर्माण केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध राहते. वाहन मूळ स्वरूपात असावे. चासी, बॉडी वा इंजिनात बदल झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. प्रदर्शन, संशोधन, रॅली यांसाठी असे वाहन रस्त्यावर आणता येते. दैनंदिन वा व्यावसायिक वापर वर्ज्य आहे. मौलिकतेच्या रक्षणासाठी ही अट योग्यच होय. परंतु टंचाईच्या काळात टी.सी.मध्ये एखाद्याने अँबॅसॅडरचे इंजिन बसवून ती जिवंत ठेवली असेल, तर ती दुरुस्तीच तिला या व्याख्येबाहेर नेऊ शकते. ज्या उपायाने गाडी भंगारात जाण्यापासून वाचली, तोच तिचा दोष ठरतो.

समारोप :
एम.जी.चा ॲबिंग्डन येथील कारखाना १९८० मध्ये बंद झाला. अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. दोन्हींचे सुटे भाग व ते हाताळणारी पिढी आता ओसरत जाणार. म्हणून जुन्या मोटारीच्या कागदपत्रांत मालकांच्या नावांबरोबर कोणता भाग केव्हा, का व कोणाच्या हातून बदलला याचीही नोंद असणे अगत्याचे आहे. असा बदल म्हणजे मौलिकतेची हानी एवढेच न मानता तो टंचाईच्या अर्थव्यवस्थेचा पुरावा म्हणूनही वाचला पाहिजे. अन्यथा मोटार संग्रहालयात राहील. मात्र तिला चालती ठेवणाऱ्या मिस्त्रीचे नाव इतिहासात राहणार नाही.