अजिंठ्याचे राखणदार : गुलाम याझदानी

सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रात येऊन गेला. त्याच्या प्रवासवृत्तात डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णन आहे. तो एका अर्हताने बांधविला आणि त्याच्या द्वाराशी दगडी हत्ती उभे आहेत, असे तो सांगतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या वाटेवर ते हत्ती आजही आहेत, आणि त्या अर्हताच्या नावाशी जुळणारे अचल हे नाव सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखात आहे. म्हणून हे वर्णन अजिंठ्याचेच, असे विद्वान मानतात. परक्याने आपली आठवण अशी जपली. आपण आपल्या दारची चित्रे कशी जपली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना गुलाम याझदानी यांचे नाव घ्यावेच लागते.

१८१९ साली ही लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडली. पुढे रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून चित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. त्यांतील कित्येक १८८५ च्या आगीत भस्म झाल्या. इकडे भिंतीवरचे मूळ रंगही झडतच होते.

त्याच १८८५ साली याझदानी दिल्लीस जन्मले. १९१४ साली निजाम सरकारने पुराणवस्तुखाते काढले, तेव्हा त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि १९४३ पर्यंत राहिली. त्यांचा मूळ व्यासंग अरबी-फारसी शिलालेखांचा. मांडू आणि बिदर येथील वास्तूंवर त्यांनी ग्रंथ लिहिले. परंतु या गृहस्थांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग बुद्धाच्या जातककथांपायी वेचला, हे आपण विसरू नये.

१९२० ते १९२२ या काळात इटलीहून लोरेंझो चेक्कोनी व त्यांचे सहकारी यांना पाचारण करण्यात आले. सुटलेला गिलावा त्यांनी भिंतीस पुन्हा बसविला. पण चित्रांवर लाखेचे लुकणही चढविले गेले. ते कालांतराने पिवळे पडले, त्यावर धूळ बसली, आणि पुढे रसायनतज्ज्ञांना ते मोठ्या कष्टाने काढावे लागले. हे सांगणे याझदानींचा अधिक्षेप नव्हे. उत्तम हेतूने केलेला उपायही चुकू शकतो, म्हणून जे आहे त्याची नोंद आधी करून ठेवावी, एवढाच त्याचा बोध.

आणि ती नोंद याझदानींनीच केली. छायाचित्रांवरून सिद्ध केलेला त्यांचा ‘अजंता’ हा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाला. शेवटचे दोन भाग तर सेवानिवृत्तीनंतरचे! प्रत्येक चित्रातील प्रसंग कोणता, पात्रे कोण, हे त्यांनी भिंतीमागून भिंत घेऊन लिहिले. पहिल्या भागाची प्रस्तावना लॉरेन्स बिन्यन यांची आहे. चीन-जपानच्या चित्रकलेचे हे थोर जाणकार. चीनमधील तुन-हुआंगच्या लेण्यांतून ऑरेल स्टाइन यांनी नेलेल्या चित्रांवरील १९२१ च्या ग्रंथासही त्यांचाच निबंध जोडलेला होता. तुन-हुआंगच्या भिक्षूंची आणि आपल्या सातमाळ्याच्या कुशीतल्या भिक्षूंची चित्रे एकाच परंपरेतली, हे ताडून पाहण्यास जगाला या ग्रंथामुळे साधन मिळाले.

१९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले; १९६२ साली ते निवर्तले. भिंती मात्र अजूनही झिजत आहेत. प्रेक्षकांच्या श्वासातली ओलदेखील त्यांना बाधते. पुढच्या खेपेस पाहुण्यांना अजिंठा दाखविण्यास न्याल, तेव्हा भिंतीला हात लावू देऊ नका. याझदानींचे ऋण फेडण्याचा तेवढा मार्ग आपणां प्रत्येकाच्या हाती आहे.