मातीनंतरची नोंद

कोरेगाव तालुक्यात तलाठी म्हणून माझी नोकरी झाली. आमच्या खात्यात एक नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण पहिल्याच वर्षी समजतो. घरातला कर्ता माणूस गेला तर भाऊसाहेबानं, म्हणजे तलाठ्यानं, मातीला जावं, सावडायला जावं, दहाव्याला नदीवर उभं राहावं. दप्तर काखेत मारून मात्र तेराव्याच्या आत त्या घराची पायरी चढू नये. सुतकात जमिनीचं बोलणं काढणारा माणूस गावाच्या मनातून कायमचा उतरतो, मग तो भाऊ असो नाहीतर भाऊसाहेब.

सरकारची घाई वेगळी. मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची आणि १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. गावाचे तेरा दिवस आणि सरकारचे तीन महिने, या दोन मुदतींच्या मध्ये मी बरीच वर्षं वावरलो. गेलेल्याच्या घराला गाव धीर कसा देतं आणि देता देता त्या घराची मांडणी कशी ठरवून टाकतं, हे तिथून चांगलं दिसतं.

आमच्या भागात धीर देणं म्हणजे आधी काम. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या चार घरांतून पिठलं-भाकरी येते. कुणी बांबू आणतं, कुणी गाडगं, कुणी लाकडं फोडतं. लांबच्या पाहुण्यांना निरोप धाडायला दोन पोरं आधीच निघालेली असतात. कुणी कुणाला सांगत नाही. गोठ्यातल्या म्हशीची धार कुणी काढली हे त्या घराला दोन दिवसांनी कळतं. भेटायला आलेला माणूस ओसरीवर बसतो, ‘कसं काय’ विचारत नाही, उठताना ‘येतो’ म्हणत नाही. बोलणं फार थोडं. सगळं बोलणं बायकांकडे. त्या गळ्यात पडून रडायच्या आणि रडता रडता गेलेल्याची सगळी हकिगत सांगायच्या: विहीर कशी खोदली, दुष्काळात बैल कसे जगवले, कुणाच्या लग्नाला पोत्यानं जोंधळा कसा दिला. आजच्या शोकसभेतल्या भाषणांपेक्षा त्यात माहिती जास्त असायची, असं माझं मत आहे.

जिथं जीव गेला तिथं पीठ पसरून त्यावर दिवा ठेवायचा. सकाळी पिठात कसलं पाऊल उमटलंय ते म्हातारी माणसं वाकून बघायची. मुंगीची रांग दिसली तरी त्यावर चर्चा व्हायची.

दहाव्याचा कावळा मात्र मला नेहमी कायद्याच्या नजरेनं बघावासा वाटला. पिंड ठेवलाय, मंडळी लांब सरकून उभी आहेत, कावळा येतो आणि शिवत नाही. मग म्हातारा चुलता पुढं होतो, हात जोडतो आणि मोठ्यानं बोलतो, ‘पोरीच्या लग्नाची काळजी करू नगंस, आम्ही हाय.’ तरी नाही. मग मेहुणा म्हणतो, ‘धाकट्याचं शिक्षण माझ्याकडं.’ कुणी सोसायटीच्या कर्जाचं बोलतं. या बोलण्यांमध्ये कधीतरी कावळा शिवतो आणि लोक सुटकेचा श्वास सोडतात. फारच उशीर झाला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. त्यात देवाधर्माचा भाग किती, ते भटजींनी सांगावं. मला दिसायचं ते असं, की भर गावासमोर, नदीच्या काठावर, साक्षीदारांदेखत लोकांनी दिलेले हे शब्द आहेत. मागं राहिलेल्यांना याहून पक्का आधार त्या काळात दुसरा नव्हता. यातले पुष्कळ शब्द पाळलेलेही मी पाहिले. फक्त ते कुठल्या नमुन्यात नोंदवले जात नाहीत.

त्यानंतर टॉवेल-टोपी. पाहुणे थोरल्या मुलाच्या डोक्याला टोपी घालतात, कुठं फेटा बांधतात; पूर्वी पागोटं असायचं. मुलगा सोळा वर्षांचा असला तरी त्या क्षणापासून कर्ता. आमच्या दप्तरानं ही रीत जशीच्या तशी उचलली. जुने सातबारा उतारे काढून बघा, थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं सापडतील: एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप गेला, थोरल्याचं नाव लागलं, बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांच्या मागं. बहिणी आणि आई तर त्यांच्याही मागं. पुढं दोन पिढ्यांनी याच अक्षरांवरून दावे उभे राहिले आणि कोर्टात खेटे घालून लोकांच्या चपला झिजल्या.

आणि नेमक्या त्याच दिवसांत, घरातल्या आतल्या बाजूला, त्या माणसाच्या बायकोच्या बांगड्या फोडलेल्या असायच्या. कुंकू पुसलेलं, मंगळसूत्र काढलेलं. बाहेर मुलाला टोपी चढते आहे, आत आईच्या अंगावरचं एकेक उतरतं आहे. हे दोन वेगळे विधी आहेत असं मला कधी वाटलं नाही. घराची मालकी कुणाकडे गेली आणि कुणाकडे गेली नाही, हे गावाला दाखवण्याच्या त्या दोन बाजू.

ही गोष्ट किती जुनी आहे हे पाहायला साताऱ्याजवळ क्षेत्र माहुलीला जावं. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आमच्याकडची मंडळी आजही दहाव्याला जातात. तिथंच छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. महाराज डिसेंबर १७४९ मध्ये गेले. त्यांच्या राणी सकवारबाई यांचा, वारस म्हणून पुढं केलेल्या रामराजाला गादीवर आणायला विरोध होता. महाराजांच्या मागं त्या सती गेल्या, आणि त्यांना त्या वाटेला लोटण्यात दरबाराच्या राजकारणाचा हात होता असं इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे वारसाच्या भांडणातलं एक माणूस चितेवर संपलं. गावोगावच्या सतीशिळांवर कोपरात वाकलेला एक हात कोरलेला असतो आणि त्या हातात चुडा भरलेला असतो. जी मेली तिचा चुडा दगडात शाबूत राहिला, जी जगली तिचा फोडला गेला. मुंबई इलाख्यात सतीची चाल १८३० मध्ये कायद्यानं बंद झाली. जगणारीचं काय करायचं, हा प्रश्न मग उघडा पडला.

त्याचं उत्तर शोधणाऱ्यांत माझ्या मनात सगळ्यात वर आहेत ते मुंबईचे न्हावी. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं १८९० मध्ये त्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. नियम शास्त्रीपंडितांचे होते, पण वस्तरा यांच्या हातात होता. पंडितांशी वाद घालत बसण्यापेक्षा वस्तरा खाली ठेवणं जास्त परिणामाचं, हे लोखंड्यांनी ओळखलं. गिरणी कामगारांचा पुढारी होता तो, काम थांबवण्याची ताकद त्याला ठाऊक होती.

त्याच वर्षी, २८ नोव्हेंबरला, पुण्यात जोतीराव फुले गेले. दत्तक मुलगा यशवंत याला टिटवं, म्हणजे प्रेतापुढं न्यायचं अग्नीचं मडकं, धरू द्यायला भाऊबंद आडवे आले. टिटवं धरणारा तो वारस, हा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का होता. तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या, टिटवं स्वतः हातात घेतलं, प्रेतयात्रेच्या पुढं चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. ही हकिगत आपल्याकडे धाडस म्हणून सांगतात, ते बरोबरच आहे. मला तलाठी म्हणून त्यात आणखी एक दिसतं. सगळ्या पुण्यादेखत त्या बाईनं वारसाची जागा घेतली. बायकोनं नवऱ्याच्या मागची जबाबदारी उचलली याची ती नोंद होती, कागद नसलेली.

कागद यायला वेळ लागला. १९३७ च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या वाट्यावर हक्क मिळाला, तोही हयातीपुरता. १९५६ च्या वारसा कायद्यानं पूर्ण मालकी दिली आणि मुलगा, मुलगी, विधवा, आई अशी सगळी पहिल्या वर्गात एका रांगेत आली. दिल्लीत ही रांग लागली तरी आमच्या चावडीपर्यंत ती पोचायला अजून काही दशकं गेली.

जुन्या दप्तरात गाव नमुना १४ ची मोडीतली पुस्तकं असतात, जन्म-मृत्यूची. त्यातली मृत्यूची पानं मी रिकाम्या दुपारी चाळायचो. प्लेगच्या वर्षांत आणि १९१८ च्या मानमोडीत ओळीखाली ओळ, कारणाच्या रकान्यात ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. अशा दिवसांत कुणाचा दहावा कुणी घातला असेल? पुरुषाची ओळ त्याच्या नावाची. बाईची ओळ मात्र पुष्कळदा अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच.

माझ्या काळात वारसाचा अर्ज आला की आधी नमुना सहा-क ला नोंद, चौकशी, मग फेरफार, नोटिसा आणि मंडळ अधिकाऱ्याची सही. चावडीत वारसांची नावं मोठ्यानं वाचायचो. एकदा विधवेचं नाव वाचल्यावर मागून एक म्हातारा म्हणाला, ‘भाऊसाहेब, आईचं नाव कशापायी? पोरगं हाय की कमावतं.’ मी काही बोलायच्या आत दाराशी बसलेली ती बाई उठून टेबलापाशी आली. पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘माझं नाव कुटं लिवलंय ते दावा.’ मी बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच, आणि जाऊन पुन्हा दाराशी बसली. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. असे म्हातारे वाईट नसतात, हेही सांगायला हवं. याच माणसानं तिच्या नवऱ्याच्या पिंडासमोर उभं राहून तिच्या मुलीच्या लग्नाचा शब्द दिला होता, आणि पुढं तो पाळलाही. आधार द्यायला तो तयार होता, हक्क द्यायला नव्हता.

दुखवट्याची साधनं या मधल्या काळात बदलत गेली. पाव आण्याचं पोस्टकार्ड १८७९ मध्ये आलं आणि लांबच्या सोयऱ्याला वाईट बातमी स्वस्तात कळवायची सोय झाली. कोपरा फाडलेलं, वर ‘श्री’ नसलेलं कार्ड पोस्टमनच्या हातात दिसलं की बायका वाचून घ्यायच्या आधीच रडायला लागायच्या. वाचून झालं की ते फाडून टाकायचं, अंगावर पाणी घ्यायचं. २०१३ मध्ये तार बंद झाली. आता चौकात हसऱ्या फोटोचा फ्लेक्स लागतो, त्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो गेलेल्यापेक्षा मोठे. पुणे, नगर, साताऱ्याकडं दहाव्याला प्रवचन असतं आणि प्रवचनानंतर पुढाऱ्यांची रांग. निवडणुकीच्या वर्षी ती बरीच लांबते. एक बदल मात्र मला मनापासून आवडला. काही गावांत रक्षा नदीत सोडायचं थांबवून ती शेताच्या बांधावर खड्ड्यात घालतात आणि वर आंबा लावतात. बांधाच्या कुठल्या बाजूला लावायचा यावरून भावाभावांत थोडी खडाखडी होते, ते सोडा.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंच्या निधनाला शंभर वर्षं होत होती, त्या निमित्तानं. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावानं रूढी जातात का, असं मला निवृत्त मंडळी विचारतात. आपोआप जात नाहीत. पण आत बांगड्या फोडायला निघालेल्या चुलतीला ‘गावानं बंद केलंय’ एवढं म्हणायची सोय सुनेला होते, आणि ज्यांनी असली घरं आतून पाहिली आहेत त्यांना या सोयीची किंमत कळते.

तिकडं आमच्या खात्याचं काम उरलेलंच आहे. कितीतरी उताऱ्यांवर अजून आजोबा, पणजोबा खातेदार म्हणून बसलेले आहेत; दहावे झाले, वर्षश्राद्धं झाली, सर्वपित्रीला दरवर्षी पानं वाढली गेली, फक्त वारसनोंद कुणी लावली नाही. बहिणीचं नाव येईल म्हणून थोरला टाळतो, आईचं नाव येईल म्हणून धाकटा. २०२५ मध्ये सरकारनं यासाठीच मोहीम काढली आणि तिला नाव दिलं ‘जिवंत सातबारा’. मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायची, घरोघरी जाऊन. माझ्या जागेवर आता एक तरुण मुलगी तलाठी आहे, तिलाही गाव भाऊसाहेबच म्हणतं. यादी घेऊन ती माझ्याकडे आली होती, जुन्या घरांच्या सुना-लेकींची नावं विचारायला. कागदावर त्या सगळ्या ‘मयताची पत्नी’ होत्या. आम्ही दोघं दुपारभर बसलो. मला आठवत होती तेवढी नावं सांगितली, उरलेल्यांसाठी तिला आळीतल्या म्हाताऱ्या बायकांकडे धाडलं.